नवीन काय आलं घरात?

वसई-विरारच्या पट्ट्यात अशी एकही शाळा नसेल, जिच्यातल्या निदान एका तरी पोराची बेंबी आमच्या वन्संनी पाहिलेली नाही. वाक्य ऐकायला बरं वाटत नाही, मला माहीत आहे. पण आमच्या वन्सं कातडीच्या डॉक्टर आहेत, आणि त्यातही लहान मुलांना कशाच्या तरी स्पर्शाने जे पुरळ उठतं, त्यावर त्यांचा विशेष जीव. पँटचं धातूचं बटण बेंबीखाली घासून तिथे लाल चट्टा येतो, हे त्यांना पक्कं ठाऊक असल्यामुळे जीन्स घातलेलं आणि पोट खाजवणारं पोर दिसलं की त्यांना राहवत नाही. एकदा विरारच्या एका लग्नात जेवणाच्या रांगेत त्यांनी पुढच्या मुलाचा शर्ट सरळ वर केला. त्याचे वडील हातात गुलाबजामाची वाटी घेऊन गर्रकन वळले आणि म्हणाले, "ओ मॅडम, काय चाललंय?" वन्सं शांतपणे म्हणाल्या, "झोपेतसुद्धा खाजवतो ना?" त्या गृहस्थांचा राग जिथल्या तिथे विरला. त्यांनी वाटी बाजूला ठेवली आणि इकडेतिकडे बघून हळूच स्वतःचाही शर्ट वर केला. वन्संच्या पर्समध्ये सुई-दोरा आणि जुन्या सुती साडीचे तुकडे कायम असतात. बापलेकांच्या बटणांमागे अस्तर शिवून होईपर्यंत आमचं जेवण राहिलं, आणि नवरानवरीला आहेर द्यायचा तर साफ विसरला.

"वन्सं" हा नणंदेसाठीचा शब्द आता कोणी वापरत नाही. मीही ताई म्हणायच्याच तयारीत होते. पण लग्न ठरल्याबरोबर त्यांनी मला बाजूला घेऊन बजावलं, "हे बघ, ताई मला सगळी वसई म्हणते. मला एकच भाऊ. वन्सं म्हणणारी तू सोडून जगात दुसरी कोणी येणार नाही. तेव्हा मला वन्संच म्हण." त्याआधी त्या मला बघायला आल्या होत्या, ती हकिगत आमच्या माहेरी अजून सांगतात. पोह्यांची बशी हातात घ्यायच्या आधी त्यांनी माझा हात घेतला, उलटा केला आणि मनगट उजेडाकडे धरलं. माझ्या काकूला वाटलं, मुलाच्या बहिणीला हात बघता येतो. ती पुढे सरसावून विचारती झाली, "संततीयोग कसा काय आहे?" वन्सं म्हणाल्या, "तो मला कळत नाही, पण घड्याळाचा पट्टा बदलायला हवा." पट्टा बदलला, मनगटावरची खाज गेली, आणि मी त्यांच्या घराण्यात आले. आमची पत्रिका अशी जुळली.

त्यांची तपासायची तऱ्हाही सगळ्या जगाहून वेगळी. इतर डॉक्टर काय होतंय ते विचारतात, ह्या विचारतात, "नवीन काय आलं घरात?" आई म्हणते, काही नाही. ह्या गप्प बसून राहतात. मग आईला आठवतं, नवा साबण आला. बाबांना आठवतं, मामाने खेळण्यातलं घड्याळ आणलं. आजीला आठवतं, फरशी पुसायचं औषध बदललं. तोवर वन्संनी पोराचं डोकं, कान, कॉलर असं सगळं हुंगून घेतलेलं असतं. हुंगण्यावर त्यांचा फार विश्वास. "डोळ्याला रंग फसवतात, नाक सहसा फसत नाही," असं त्या म्हणतात, आणि दवाखान्यातली पोरंही त्यांना उलटं हुंगून दाखवतात.

कळंबच्या एका आजींचा किस्सा तर मी स्वतः पाहिलेला आहे. मासळी विकणाऱ्या आजी, कडेवर तान्ही नात, आणि नातीच्या कमरेला पाण्याने भरलेले फोड. आजी सांगत होत्या, "बाय, कोनाची तरी नजर लागली. मीठमोहऱ्या उतरवल्या, पानी उतरवलं, कमी होत नाय." वन्संनी दुपटं बाजूला केलं. कमरेच्या काळ्या दोऱ्यात, दृष्ट लागू नये म्हणून, चांगला टपोरा बिब्बा ओवलेला. बिब्ब्याचं तेल मोठ्या माणसाच्या कातडीला पोळतं, तिथे त्या जिवाचं काय. मी मनात म्हटलं, आता आजींची हजेरी घेतली जाणार. पण वन्संनी आवाज चढवला नाही. त्या म्हणाल्या, "आजी, बिब्बा जबर आहे हे खरं. पण नजर आत येते ती दारातून. मग तो पोरीच्या पोटावर कशाला? दाराला बांधा." आजींनी डोळे बारीक केले. "तुमी बांधलाय?" वन्संनी "हो" म्हणून टाकलं. झालं, आता बोललेलं निभवायला हवं. आजी पुन्हा दाखवायला यायच्या आधी वन्संनी मला बाजारात पिटाळून बिब्बा आणवला आणि दवाखान्याच्या दारावर लिंबू-मिरच्यांसोबत टांगला. पुढच्या वेळी आजींनी आल्याआल्या मान वर करून खात्री करून घेतली, मगच नात टेबलावर ठेवली. फोड सुकले होते. बिब्बा अजून त्या दारावर आहे. मोठमोठ्या पदव्यांच्या पाटीखाली बिब्बा लोंबताना पाहून त्यांच्या बरोबरीचे डॉक्टर हसतात. वन्सं म्हणतात, "हसू देत. माझ्या दवाखान्याला नजर लागली नाही, एवढं मात्र खरं."

दवाखान्यात उलगडा झाला नाही की वन्सं पेशंटच्या घरी धडकतात. त्यांना स्कूटर येत नाही, त्यामुळे हे धडकणं माझ्या स्कूटरवरून होतं. अशाच एकदा आम्ही वालीवला गेलो. तिथल्या एका छोट्या मुलीला मांड्यांच्या मागे आणि काखेखाली सारखं पुरळ उठत होतं. वन्संनी तिच्या घरातले डबे, बादल्या, चादरी, सगळं हुंगून काढलं. मुलीची आई हातात चहा घेऊन त्यांच्यामागून फिरत होती. काही सापडेना. शेवटी वन्सं खाटेवर बसून चहा पिऊ लागल्या, तेवढ्यात मुलीचा बाप रबराच्या कारखान्यातून घरी आला. पोरगी धावत गेली आणि त्याने तिला उचलून घेतलं. वन्सं कपासकट उठल्या. "तसेच उभे राहा, हलू नका." बापाचे हात आणि बाह्या जिथे पोरीला लागत होत्या, नेमकं तिथेच पुरळ होतं. कारखान्यातलं रसायन कपड्यांवरून घरी येत होतं. बाप पोरीला खाली ठेवत अगदी बारीक आवाजात म्हणाला, "म्हणजे मी हिला घ्यायचं नाही का?" वन्सं म्हणाल्या, "असं कोण म्हणालं? कपडे बदला, आंघोळ करा, आणि मग पोटभर जवळ घ्या. दोष कपड्यांचा आहे, तुमचा नाही." परतताना स्कूटरवर माझ्या मागे त्या एक अक्षर बोलल्या नाहीत. वन्सं गप्प बसल्या म्हणजे त्यांना भरून आलेलं असतं, एवढं मला तोवर कळू लागलं होतं.

अशा ह्या सत्यवचनी बाईंची एकच गोष्ट खोटी होती, आणि ती म्हणजे केस. साठीला टेकलेल्या वन्संचे केस लांबसडक आणि काळेभोर होते. "आमच्या घराण्यात केस पिकत नाहीत," असं त्या म्हणायच्या. समोर त्यांचा सख्खा धाकटा भाऊ, म्हणजे माझा नवरा, उरलेसुरले पांढरे केस घेऊन बसलेला असायचा. तो मान डोलवायचा. एखाद्या रविवारी सकाळी वन्सं न्हाणीघराला आतून कडी लावायच्या आणि बराच वेळ बाहेर यायच्या नाहीत. नंतर आम्हाला तिथे कोपऱ्यात एखादा काळा थेंब दिसला तर आम्ही तो मुकाट्याने पुसून टाकायचो. घरात कोणी कधी ठरवलं नव्हतं, पण वन्संचे केस काळे आहेत, ह्या विषयावर आमच्या घराचं एकमत होतं.

त्या आमच्याकडे राहायला आल्या त्या सासूबाई गेल्यानंतर. दोघी मायलेकी जुन्या वसईतल्या एका इमारतीत राहत. सासूबाई गेल्या आणि पाठोपाठ ती इमारतही नव्याने बांधायला पाडली गेली. "घर तयार झालं की जाईन, तोवर तात्पुरती," असं म्हणत वन्सं दोन बॅगा घेऊन आल्या. तेव्हा आमची रेवा बालवाडीत होती. अख्ख्या तालुक्यातली पोरं हाताखालून गेलेल्या ह्या बाईच्या गळ्यात घरचं पोर असं पहिल्यांदाच पडलं. रेवाने आत्याचा ताबा घेतला. रोज संध्याकाळी दवाखान्यातून आल्यावर आत्याने हात धुवायचे आणि रेवाला पाठकुळी घेऊन गॅलरीत फेऱ्या मारायच्या. रेवा आपला उजवा गाल आत्याच्या केसांवर टेकून तिथेच पेंगायची. वन्संची कंबर दुखायची, पण त्या ते आम्हाला कळू द्यायच्या नाहीत. तात्पुरत्या आलेल्या बाईने गॅलरीत मोगऱ्याची कुंडी आणून ठेवली, तेव्हाच मी ओळखलं की त्यांना जावंसं वाटत नाही.

आणि एका सोमवारी रेवाचा उजवा गाल सुजून लाल झाला. कानामागे आणि मानेवर बारीक पुरळ. वन्संच्या स्वतःच्या घरात असं व्हावं म्हणजे काय! मग आमच्या घराची जी झडती सुरू झाली, ती विचारू नका. साबण गेला, पावडर गेली, रेवाची झालरवाली उशी गेली. माझ्या नवऱ्याचं दाढीनंतरचं सुगंधी पाणी शेजाऱ्यांना दान झालं, आणि ते शेजारी त्याच वासाने दरवळत आमच्याकडे आले, तर त्यांना दारातूनच परत पाठवलं. गाल औषधाने बरा व्हायचा, एखाद-दोन आठवडे मखमलीसारखा राहायचा आणि मग एखादा रविवार उलटला की पुन्हा तेच. वन्सं मला खोदून खोदून विचारू लागल्या, "रविवारी ह्या घरात काय होतं?" मी म्हटलं, "सोड्याची खिचडी होते." मग सोडे, म्हणजे ती सोललेली सुकी कोळंबी, बंद झाले. पंखे पुसायचं फडकं बंद झालं. रेवाला त्यांनी हुंगायला शिकवलं होतं. ती बिचारी चप्पल, पडदा, बाबांचा सदरा, सगळं हुंगून गंभीर चेहऱ्याने आत्याला अहवाल द्यायची. शाळेत मात्र तिच्या बाईंनी तिला बाकावर एकटीला बसवलं, इतरांना लागेल म्हणून. वन्सं त्या शाळेत जाऊन बाईंना समजावून आल्या खऱ्या, पण घरी आल्यावर त्या जेवल्या नाहीत.

मग त्या डॉक्टरांच्या परिषदेला म्हणून नागपूरला गेल्या, आणि तिथूनच मैत्रिणीकडे राहून बऱ्याच दिवसांनी परतल्या. तेवढ्या काळात रेवाचा गाल स्वच्छ झाला. पुरळ आलं नाही की खाज नाही. त्या परत आल्या, लगेचच्या रविवारी रेवा पाठकुळी बसली, आणि मंगळवारी गाल पुन्हा लाल.

त्या संध्याकाळी मी त्यांच्या खोलीत गेले, तर पलंगावर बॅग उघडी होती. साड्यांच्या घड्या भरणं चाललं होतं. "वन्सं, हे काय?" मी विचारलं. त्या माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "अगं, मी सगळ्यांना विचारते, नवीन काय आलं घरात. तुझ्या घरात नवीन काय आलं? मीच आले. दवाखान्यातलं काहीतरी माझ्या अंगावरून येतंय. मलम असेल, हातमोजे असतील. ते सापडेपर्यंत पोरीने का सोसायचं? जे नवीन आलं, ते बाहेर." आणि त्यांनी पुढची साडी उचलली.

मला त्यांचा राग आला. वन्संवर रागवायची आमच्या घरात पद्धत नाही, पण आला. मी बॅग ओढून माझ्याकडे घेतली आणि म्हटलं, "वालीवच्या त्या माणसाला तुम्ही घर सोडायला सांगितलं होतंत का? आंघोळ करा आणि पोटभर जवळ घ्या, असं कोण म्हणालं होतं?" वन्सं साडी हातात धरून उभ्याच राहिल्या. आमचे आवाज ऐकून नवरा आला आणि त्याच्या मागून रेवा. बॅग पाहून तिला जे कळायचं ते कळलं. ती पलंगावर चढली आणि मागून आत्याच्या गळ्यात पडली. वन्सं "लांब हो, लांब हो" म्हणत मान सोडवू लागल्या, पण ती सुटेना. तिने नाक केसांत खुपसलं, शिकवल्याप्रमाणे नीट हुंगलं आणि अहवाल दिला, "आत्या, तुझ्या केसांना माझ्या फुलपाखराचा वास येतो."

"कुठलं फुलपाखरू?" वन्संनी विचारलं. मला आठवलं. त्या आमच्याकडे यायच्या आधी कळंबला समुद्राकाठी एका लग्नाची हळद होती. तिथे एक मेंदीवाली सगळ्या पोरांच्या हातावर काळी मेंदी काढून देत होती, चटकन रंगणारी. रेवाने फुलपाखरू काढून घेतलं होतं. नंतर तिथे खाज सुटली, आणि रंग गेल्यावरही फुलपाखराची लालसर कड काही दिवस हातावर राहिली. सगळ्यांनाच वाटलं, मेंदी बाधली, दुसरं काय. हे मी सांगितलं तेव्हा वन्संनी डोळे मिटले. काळी मेंदी असं काही झाड नसतं, हे त्यांच्याइतकं कोणाला माहीत. मेंदी काळी होते ती त्यात कालवलेल्या केसांच्या रंगाने. तो रंग एकदा पोरीच्या कातडीने वैरी म्हणून ओळखला, की पुढे कुठेही तो भेटला तरी ती पेटून उठणार.

सगळ्यांना सगळं कळलं होतं. माझा नवरा पंख्याकडे बघत होता. मी बॅगेची चेन उगाच लावत आणि उघडत होते. शेवटी वन्सं ताठ बसल्या आणि दवाखान्यात निदान सांगतात त्या आवाजात म्हणाल्या, "मी केस रंगवते."

"काय सांगतेस, ताई?" नवरा म्हणाला. आश्चर्याचा इतका वाईट अभिनय मी आजवर पाहिलेला नाही. वन्संनी त्याच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि मग त्या हसायलाच लागल्या. आम्हीही हसलो. हसता हसता त्यांचे डोळे पुसायची वेळ आली, तेव्हा त्या म्हणाल्या, "आईला शेवटी नीट दिसत नव्हतं रे. माझ्या वेणीवरून हात फिरवायची आणि विचारायची, अजून काळेच आहेत ना गं? मी म्हणायची, हो. मुलगी म्हातारी झाली आणि तिच्यामागे कोणी नाही, ह्या घोराने ती आधीच खंगली होती. एखाद्या दिवशी जरा लख्ख दिसलं असतं तर? म्हणून मी रंगवत राहिले. ती गेल्यावर थांबवायचं कसं, तेच कळलं नाही."

त्यानंतर वन्संनी केस रंगवले नाहीत. रंग उतरेपर्यंत त्या रेवाला मांडीवर घ्यायच्या, पण डोक्याला घट्ट पंचा बांधून. भांगाशी पांढरा पट्टा रुंद होत गेला. दवाखान्यात बायका हलकेच विचारू लागल्या, "ताई, आजारी होतात का?" कळंबच्या आजींनी तर डोक्याकडे एकदा नीट बघून घेतलं आणि म्हणाल्या, "आता कशा मोठ्या डाक्तर दिसता." शेवटी एके दिवशी वन्सं केस कापूनच आल्या. आखूड, पांढरेशुभ्र, अगदी माझ्या नवऱ्यासारखे, फक्त जास्त. त्या सरळ रेवापुढे गुडघ्यांवर बसल्या आणि मान खाली घालून म्हणाल्या, "घे, तपास." रेवाने पुष्कळ वेळ हुंगलं. मग "कशाचाच वास नाही" असं सांगून तिने आपला उजवा गाल तिथे टेकवला. तो गाल त्यानंतर कधी लाल झाला नाही. मी स्वयंपाकघरात निघून गेले, कारण वन्संची मान बराच वेळ वर येईना.

आता त्यांची नवी इमारत तयार झाली आहे. मोगऱ्याची कुंडी घेऊन त्या तिकडे राहायला गेल्या. तात्पुरत्या म्हणूनच आल्या होत्या. रेवा आता उंच झाली आहे. तिला पाठकुळी घेणं वन्संना झेपायचं नाही, आणि तीही मागत नाही. गॅलरीत संध्याकाळी कोणी फेऱ्या मारत नाही, आणि त्या वेळी मला तिथे उभं राहवत नाही. मात्र रविवारी सोड्याची खिचडी असते आणि वन्सं येतात. चपला काढताना सवयीने आतल्या दिशेने विचारतात, "नवीन काय आलं घरात?" गेल्या रविवारी रेवा अभ्यासाच्या टेबलावरून मान वर न करता म्हणाली, "तूच." वन्सं हात धुवायला आत गेल्या, आणि नळ बराच वेळ वाहत राहिला.